काचेच्या केबिनमधली खुर्ची

३ मार्च, सकाळी ६.१०
गोदामातला रिपोर्टवाला नोकरी सोडून गेला. साहेब म्हणाले, महिनाभर खराब मालाचे रिपोर्ट मी आणि फोर्कलिफ्टवाल्या काकांनी आलटूनपालटून लिहायचे. ज्याचे बरे, त्याला काचेच्या केबिनमधली खुर्ची. म्हणजे मलाच. काकांना इंग्रजीचे तीन शब्द येतात: ब्रोकन, वेट, ओके. मी आठवीपर्यंत गेलोय.
संकल्प: रोज दहा शब्द, थीमप्रमाणे. इंग्रजी शिकायचं अ‍ॅप फुकट आहे.

दुपारी १
आईला फोन. खुर्ची मिळाली म्हणून सांगून टाकलं. मिळणारच आहे, तर हे खोटं नव्हे, जरा लवकर सांगितलेलं खरं. आई रडली. म्हणाली, आता खोकी उचलणं सुटलं, तुझी कंबर वाचली.

६ मार्च
थीम: हवामान. आठ शब्द पाठ. उरलेले दोन उद्या.

७ मार्च
आजचे दहा आणि कालचे दोन, परवा.

११ मार्च
थीम: भावना. आज एका बेसिनचा काठ उडालेला. काका 'ब्रोकन' लिहून मोकळे झाले असते. मी लिहिलं, हार्टब्रोकन. साहेबांनी दोनदा वाचलं. साधं लिखाण कोण दोनदा वाचतं?

१२ मार्च
ताईचा फोन. आईने अख्ख्या गल्लीला सांगितलंय. ताई म्हणे, खुर्चीवर बसलेला फोटो पाठव. म्हटलं, ऑफिसात फोटोला बंदी आहे. तिने विचारलं, मग ऑफिसात ट्रक कसला रिव्हर्स घेतोय? तेवढ्यात रेंज गेली. मीच घालवली.

१९ मार्च
थीम: आपत्ती. आजवरची सर्वात छान थीम.

२० मार्च
ट्रक आला. बेसिनची दोनशे चाळीस खोकी. एका खोक्याचा कोपरा ओला. पाळी माझी. काका म्हणाले, वेट लिही, पुढे एक लिही, चहाला चल. माणसाने इतकं अल्पसंतुष्ट असू नये. मी लिहिलं: फ्लड. कॅटॅस्ट्रॉफिक. डिव्हास्टेटेड. पान पुरलं नाही.

२१ मार्च, सकाळी ९
वरच्या ऑफिसातून तीन फोन. रिपोर्ट वर पोचला तर! साहेबांचा चेहरा लालबुंद. कौतुक पचत नसेल.

११.३०
ट्रक अडवून ठेवलाय. विम्याचा माणूस आला, गुडघ्यापर्यंत गमबूट घालून. साहेबांनी मला पुढे ओढलं.
"पूर कुठे आहे?" विमेवाल्याने विचारलं.
मी कोपरा दाखवला. त्याने बोट लावून पाहिलं. तोवर तो वाळलाही होता.

२२ मार्च
शिक्षा: सगळी खोकी उघडून तपासायची, परत बांधायची. एकट्याने. एकशे दहापर्यंत कंबर माझी होती. काकांनी स्वतःचा कंबरपट्टा काढून मला बांधला. शब्द आज शून्य.

३१ मार्च
खुर्ची काकांना.
दुपारी ते केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, "तुझं इंग्रजी भारी आहे रे. एवढं सांग, इतकी वर्षं उचलतोय, खोक्यावर त्या फुटक्या ग्लासच्या चित्राखाली काय लिहिलंय?"
लाल अक्षरं. मोठी. बराच वेळ बघितली. म्हटलं, ती थीम अजून आली नाही.
काका हसले नाहीत. म्हणाले, फोनवरचं ऐकतो मी तुझं. ये, पाच मिनिटं बस. साहेब जेवायला गेलेत.
बसलो. ताठ. काकांनीच फोटो काढला. आईला पाठवला.

दुपारी २.२०
आईचं उत्तर: खुर्ची छान आहे. मग कंबरेला पट्टा का रे?