भोंग्यावरची माफी

आंजी (मोठी),
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

श्रीयुत बाबारावजी, मुक्काम सेलू, यांना माणिक आचाऱ्याचा वाकून नमस्कार.

आपली तब्येत कशी आहे? (बघ, ‘आपली’ लिहिलं. पण एका बाकावर बसून पाचवीत दोनदा नापास झालेल्या माणसांना हे फार वेळ जमत नाही. तुला ‘तू’च म्हणतो, राग आणखी वाढला तरी वाढू दे.) गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? वर्षाली सासरी रुळली असेल. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन दारात टाकून जातो. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे भट्ट्या थंड आहेत आणि कढया पालथ्या पडल्या आहेत, त्यामुळे माझ्या पाठीला बराच आराम आहे.

वर्षालीच्या लग्नात वरण संपलं त्याला दीड महिना झाला. शेवटची पंगत बसलेली, पत्रावळीवर भात वाढलेला, व्याह्यांकडची वडीलधारी मंडळी त्या भाताकडे बघतायत, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, “माणक्या, तुनं माह्यं नाक कापलं.” तीस वर्षांत माझ्या हातचं कधी काही कमी पडलं नव्हतं रे. त्यात कोणीतरी कोरड्या भाताचा व्हिडिओ काढला. तो माझ्या भांड्यांच्या टेम्पोच्या आधी आंजीत पोहोचला. त्यानंतर ठरलेली तीन लग्नं गेली. त्यातल्या एका घरी तर मला पाहुणा म्हणून बोलावलं आणि स्वयंपाकाला वर्ध्याचा आचारी. (जेवण चांगलं होतं. तेच जास्त लागलं.)

शेवटी अंकिताला बोलावलं. माझी ही थोरली नागपूरला मोठमोठ्या कंपन्यांचा जनसंपर्क बघते, हे तुला माहीत आहे. नक्की काय बघते हे मलाही आत्ता कळलं. मी म्हटलं, पेपरात जाहिरात देऊ. ती म्हणाली, “बाबा, जाहिरातीत आपण आपल्याबद्दल बोलतो, जनसंपर्कात लोक आपल्याबद्दल बोलतात.” मी म्हटलं, मग ते काम झालंच की, अख्खा तालुका बोलून राह्यला. ती हसली नाही. वही काढून बसली. कोणाचं मत आपल्या धंद्याला महत्त्वाचं, कोणाकडे आधी जायचं, कोणती एकच गोष्ट सांगायची आणि ती कोणी सांगायची, असं सगळं आखून दिलं. यादीत पहिलं नाव तुझं होतं. मी म्हटलं, बाबारावचं शेवटी बघू. “नाई बाबा,” ती म्हणाली, “ज्याले लागलं त्याच्याकडे पह्यले जा. कंपन्या इथंच चुकतात, त्याले सोडून साऱ्या जगाले सांगत सुटतात.” मग तिने विचारलं, किती माणसांचा स्वयंपाक सांगितला होता, काही लिहून दिलं होतं का? मी म्हटलं, चिठ्ठी होती, भट्टीत गेली.

आपल्या बाजूने बोलायचं काम मी मनकर्णाबाईंना दिलं. वीस वर्षं त्या माझ्याकडे पोळ्या लाटतात, पिठाच्या चक्कीवर त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि आचारी कोणता सांगायचा हे शेवटी चक्कीवरच ठरतं. पण त्या म्हणाल्या, “मी बोलन तं खरं तेच बोलन.” म्हणून त्यांना अर्ध्या तासात पदावरून काढलं.

अंकिता नागपूरला परतली आणि मी यादीतलं पहिलं नाव गाळून थेट जनतेकडे गेलो. (खरं सांगतो, तुझ्या दारात यायला पाय उचलत नव्हता.) मुकेशचा ऑटो ठरवला, वर भोंगा बांधला आणि माझ्या आवाजातली माफी भरून दिली. सेलूच्या लग्नात वरण कमी पडलं, चूक आचाऱ्याची, मनापासून माफी, एवढंच. आता मुकेशकडे साड्यांच्या सेलचंही काम होतं, हे मला कुठे ठाऊक? त्याने दोन्ही एकामागे एक लावलं. त्यामुळे गावोगाव असं ऐकू आलं की वरण कमी पडल्याबद्दल मनापासून माफी, फक्त तीन दिवस, संधी सोडू नका. ज्या गावांना कोरड्या भाताचा पत्ताही नव्हता, त्यांनाही तो घरबसल्या कळला. आमच्या शेजारच्या देवकाबाई, ज्यांच्या नातवाच्या बारशाचं काम तेवढं माझ्याकडे उरलं होतं, भिंतीवरून म्हणाल्या, “काऊन रे माणिक, मी घरून एक गंज भरून वरण करून ठेवू का?”

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. मुकेशने माझं काम चांगलं व्हावं म्हणून मध्येमध्ये माईक हातात घेऊन तुझं नाव जोडलं, आणि तुझ्या घरासमोरून तीन चकरा मारल्या. वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या, असं तोच मला कौतुकाने सांगत आला. बाबाराव, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वरणाने तुझं नाक एकदा कापलं होतं, मी तीनदा कापलं, तेही भोंगा लावून. माझी चूक झाली. हे मी आधी तुझ्या ओट्यावर बसून बोलायला हवं होतं. माफ कर.

वहिनींना नमस्कार, वर्षालीला आशीर्वाद.

तुझाच (तू मान अगर नको मानू),
माणिक

ता. क. पाठवण्याआधी पत्र मला दाखवा, असं अंकिताने बजावलं होतं. दाखवलेलं नाही. तिला एकच मुद्दा हवा होता आणि मी गुडघ्यापासून सुरुवात केली आहे.

आणखी ता. क. चिठ्ठी भट्टीत गेलेली नव्हती. सोबत ठेवली आहे. तुझ्याच अक्षरात साडेतीनशे लिहिलं आहे. मनकर्णाबाईंच्या पोळ्यांच्या हिशेबाने जेवली साडेपाचशे माणसं. शेवटच्या आठवड्यात रस्त्यात भेटेल त्याला तू ‘यायचं बरं का’ म्हणत फिरला असशील. तुला कोणाला सोडवत नाही, हे मला पाचवीपासून माहीत आहे. पण हे त्या मांडवात निघालं असतं, तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. माझं काय, आज ना उद्या एखाद्या लग्नात वरण उरेल. वाचून झालं की चिठ्ठी चुलीत टाक. अंकिताला यातलं काही सांगू नको.

शेवटचं. पुढच्या रविवारी घरी वांग्याची भाजी आणि वरण करतोय. घरच्यांना घेऊन येजो. फक्त किती जण येणार ते आधी कळवजो, अन् या वेळी खरा आकडा सांगजो.