माझ्या मार्गदर्शनाखाली

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरच्या माणसानं सवयी आधीच लावून घ्याव्यात.

काल आमच्या सरकारी रुग्णालयात जाहिरात लागली. लीड फिजिशियन असिस्टंट, एक जागा. म्हणजे माझी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी रुग्ण तपासतो, निदान सुचवतो, टाके घालतो, हे मी बिल्डिंगमधल्या लोकांना अठरा वर्षं सांगतोय. खालच्या मजल्यावरचे काका शांतपणे ऐकतात आणि विचारतात, मग येताना खोकल्याचं औषध आणाल ना? दारावर पाटी लागली की बोलती बंद.

दुपारी
पात्रतेच्या अटी वाचल्या. पदवी: आहे. नोंदणी: आहे. पाच वर्षांचा अनुभव: अठरा आहे, तेरा फुकट चाललीत. सीपीआरचं चालू प्रमाणपत्र: प्रमाणपत्र आहे, चालू नाही. किरकोळ. कनिष्ठाला घडवल्याचा लेखी अहवाल: बघू.

लीडच्या रिकाम्या खोलीच्या दाराचं माप घेतलं, पाटीसाठी. हेडक्लार्कनं पाहिलं. त्याला सांगितलं, दार अडकतंय का बघतोय.

४ मार्च
बायकोला माप दाखवलं. म्हणाली, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. अर्ज भरला का, हेही विचारलं. बायकांना तपशिलात फार रस.

८ मार्च
सीपीआरची परीक्षा. जमिनीवर एक रबरी पुतळा असतो. छातीवर दाब नीट पडला की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. मी तीस वेळा दाबलं. लाल. परत तीस. लाल. पुतळा नादुरुस्त आहे. परीक्षा घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, सर, छाती दाबायची आहे, समजूत नाही काढायची.

मग नवी आली. (नवी म्हणजे आमच्या वॉर्डातली ज्युनिअर असिस्टंट. लागून सहा वर्षं झाली, पण माझ्या मानानं नवीच.) तिनं बाह्या सरसावल्या आणि पहिल्या दाबालाच हिरवा. मी आधी दाबून दाबून पुतळा सैल केला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा परीक्षा २२ तारखेला. संकल्प: रोज सकाळी सहा वाजता सोफ्याच्या उशीवर सराव.

९ मार्च
सराव केला.

१० मार्च
उशी उसवली. शिवायला दिली आहे. नाइलाज.

१२ मार्च
कनिष्ठाला घडवल्याचा अहवाल. दोन पानं, सही-शिक्क्यासह. मी कोणाला घडवलं? नवीला. पहिल्या दिवशी लॉकर आणि कँटीन मीच दाखवलं. पाया महत्त्वाचा.

लिहायला बसलो आणि हात थांबेना. माझ्या मार्गदर्शनाखाली ती अपघात विभाग एकटी सांभाळते. माझ्या मार्गदर्शनाखाली घाबरलेले नातेवाईक तिच्याशी बोलून शांत होतात. माझ्या मार्गदर्शनाखाली तिनं जानेवारीत एका आजोबांच्या कागदावर एकच औषध दोन नावांनी लिहिलेलं पकडलं आणि दुप्पट डोस टळला. तेव्हा मी चहाला गेलो होतो. पण मी गेलो म्हणून तर तिला संधी मिळाली! यालाच मार्गदर्शन म्हणतात.

१४ मार्च
नियमाप्रमाणे अहवालाची एक प्रत कनिष्ठाला द्यावी लागते. दिली. नवीनं उभ्या उभ्या वाचली. मग विचारलं, सर, तुम्हाला खरंच असं वाटतं? डोळ्यांत पाणी. म्हणालो, अक्षरन् अक्षर. ती म्हणाली, तुम्ही असताना आपण कशाला, म्हणून अर्ज भरणार नव्हते. पण हे वाचून वाटतंय भरावा, तुमची हरकत नसेल तर. वरिष्ठाची शिफारस लागते, हाच अहवाल जोडू का?

मी म्हणालो, अवश्य जोड. मुलाखतीची सवय होईल. मोठं मन जात्याच असावं लागतं.

२२ मार्च
सकाळपासून कंबर धरली आहे. सीपीआर पुढच्या वेळी. अर्जात लिहिलं, 'प्रमाणपत्र प्रक्रियेत आहे.'

२ एप्रिल
सासूबाईंचा फोन. पद मिळाल्यातच जमा आहे, असं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत बायकोच्या तीन मावशांचे अभिनंदनाचे फोन आले. बायको माझ्याकडे नुसती बघत होती. कौतुकानं असेल.

९ एप्रिल
मुलाखत. समोर तिघं, मधोमध मोठे डॉक्टर. त्यांनी एखादा कठीण प्रसंग सांगायला सांगितलं. आजोबांच्या औषधाचा सांगितला. त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? म्हणालो, सगळं अहवालात आहे. ते म्हणाले, दोनदा वाचलाय, इतका चांगला अहवाल कित्येक वर्षांत वाचला नाही.

तरंगतच बाहेर आलो. मला नऊ मिनिटांत सोडलं. नवी पन्नास मिनिटं आत होती. अडखळत असणार बिचारी.

१५ एप्रिल
नवी.

रात्री ८
मोठे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले. हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्या अहवालामुळे आमचं काम सोपं झालं. लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. मी टाइप करून, सही-शिक्क्यासह मारून घेतला.

बायकोनं ताट वाढून दिलं, त्यात भाजी नेहमीपेक्षा जास्त. यापेक्षा तिनं म्हण टाकली असती तर बरं. सासूबाईंचा फोन वाजत होता. उचलला नाही.

१६ एप्रिल
राग आहे. निवड समितीवर आहे. तक्रार करायची ठरवली. पुरावा म्हणून अहवाल काढून वाचायला बसलो, कुठे खोटं लिहिलं गेलंय ते शोधायला. प्रत्येक ठिकाणचं 'माझ्या मार्गदर्शनाखाली' पेन्सिलीनं खोडून पाहिलं. उरलेलं सगळं खरं निघालं.

तक्रार लिहिली नाही. वाईट वाटलं. फार.

२० एप्रिल
हेडक्लार्क टेबलाशी आला. विचारलं, त्या दिवशी दाराचं माप घेत होतात ते आहे का, मॅडमची पाटी करायची आहे. त्याला सगळं ठाऊक होतं तर. दिलं.

२४ एप्रिल
पाटी लागली. अगदी मापात बसली. आभार कोणीही मानले नाहीत.

मॅडमचं पहिलं परिपत्रक: ज्यांचं सीपीआर प्रमाणपत्र संपलं आहे, त्यांनी चार वाजता हॉलमध्ये यावं. सोबत यादी. यादीत एकच नाव.

मॅडम स्वतः आल्या. वाटलं, आता उट्टं काढणार. त्या माझ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, सर, कोपर सरळ ठेवा, खांदे हातांच्या वर आणा, मनगटानं नको, सगळं वजन टाका. टाकलं. लाल. पुन्हा करा, म्हणाल्या. एकदाही हसल्या नाहीत. अकराव्या वेळी हिरवा लागला. पुतळ्यात काही बिघाड नाही.

मग सिस्टरनी फॉर्म पुढे केला. नाव, हुद्दा, तारीख भरली. खाली एक रकाना होता: कोणाच्या मार्गदर्शनाखाली. मॅडमचं नाव लिहिलं. पूर्ण.