अंजनी हातांनी बोलते

सोमवार, ३ जून २०२४
आली – जुनी पुस्तकं दोन. मानसशास्त्र परिचय रु. १४०, समाजशास्त्र परिचय रु. ११०. सूनबाईला, सुवर्णाला, बाहेरून बी.ए.ला बसायचंय. अडीचशे! मी म्हटलं, वाचनालयात मिळत न्हाईत व्हय? सिद्धेश हसला – "आई, हे खर्चाच्या वहीत डोक्याच्या औषधाखाली लिही." पोटचा पोरगा, पण जिभेला हाड नाही.

गुरुवार, ६ जून
दुपारी लाईट गेली, घरातले कापडाचे माग थांबले. सहज मानसशास्त्र उघडलं. मॅट्रिकनंतर एवढं वाचलं नव्हतं! घंटा वाजवून कुत्र्याला खायला द्यायचं, पुढं नुसत्या घंटेनंच लाळ. दुसऱ्या शास्त्रज्ञानं कबुतर पेटीत ठेवलं – चोच मारली की दाणा. दाणा मिळाला तेच पाखरू पुन्हा करतं. काय एकेकाची डोकी! देवानं माणूस घडवला, आणि तो कसा घडतो हे ह्यांनी पाखराकडून काढून घेतलं. मनातल्या मनात हात जोडले.

सोमवार, १० जून
नातीला, अंजनीला, तीन पूर्ण. अजून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, जुलैत मुक्या मुलांच्या वसतिशाळेत नाव घाला. आमचे हे लगेच – "घालूया." सुवर्णानं पोरीला पोटाशी धरलं. एवढीशी पोर, परक्या ठिकाणी निजणार कशी? बनशंकरी देवीचे शुक्रवार धरलेत.

शुक्रवार, १४ जून
उपास. सुवर्णा माझ्यासमोर येऊन बसली – "आत्त्या, आज नुसतं बघा." अंजनीनं मूठ तोंडाशी नेली. मी पाणी दिलं. मग तिनं बोट वर केलं – म्हणजे धागा तुटला; सिद्धेशनं लगेच माग थांबवला! मागांच्या खडखडाटात आमचं सगळ्या घराचं असंच चालतं, हातांनी. आम्हाला त्यात काही वाटतही नाही.
"पोर मुकी न्हाय, आत्त्या. बघितलं तेच शिकलीया. हात हलवला की मिळतंय, मग तोंड कशाला उघडंल?"
पुस्तकातलं पानच पुढं केलं. समाजशास्त्रातही तेच – मूल घरातल्यांकडून माणूस व्हायला शिकतं. मी थक्क! आम्ही वर्षभर नवस बोलतोय, आणि हिनं बसल्या जागी गाठ सोडवली.
हे म्हणाले, "पुस्तक वाचून पोर बोलणार? लई शाणी!"
"मामा, थोडे दिवस द्या. निपाणीला आईकडं नेते. तिथं माग न्हाईत. न्हाय बोलली, तर तुम्ही म्हणशीला तिथं नाव घाला."
आमच्या वडगावात सासऱ्यापुढं असं बोललेली सून मी पाहिली नाही. आणि आवाज जराही चढला नाही!

रविवार, १६ जून
मायलेकी निपाणीला गेल्या. देवापुढं दिवा लावला, पण घर काही उजळलं नाही.

शुक्रवार, २८ जून
सिद्धेशला सुवर्णाचा फोन. त्यानं सांगितलं – मूठ दाखवली तरी पाणी द्यायचं नाही, आधी तोंडानं "पाणी" म्हणून दाखवायचं आणि थांबायचं, असं तिनं तिथं सगळ्यांना बजावलंय. काल अंजनी रडून लालेलाल झाली. विहीणबाई चिडल्या – "आई हायस का पोलीस?" माझ्याच्यानं झालं नसतं. मी पहिल्या रडण्यालाच तांब्या पुढं केला असता. हिचं काळीज कशाचं केलंय देवानं! ह्यांनी मात्र नाव घालायचे कागद काढून ठेवलेत.

शनिवार, ६ जुलै
बोलली!! माग बंद करून सगळे फोनभोवती. ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, म्हणाले, "न्हाय घालायचं कुठं नाव." सिद्धेशनं फोन माझ्याकडं दिला – "ऐक गं आई, 'आजी ये' म्हणतीया!"
कानाला लावला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावला. काही नाही.
मी म्हटलं, गप झाली वाटतं.
सिद्धेश माझ्या तोंडाकडं बघतच राहिला – "आई, ओरडतीया गं ती."

रविवार, ७ जुलै
म्हणजे कान माझे गेलेत. समोरच्याचे ओठ बघून मी ऐकत होते, आणि मलाच ठाऊक नव्हतं. पोर दिवसभर माझ्यापाशी. बोललीही असेल कितीदा, मला ऐकूच आलं नसेल – मी वळले ती हात हलला तेव्हाच.
सुवर्णाला कार्ड टाकलं – फोन नको. अंजनी काय काय बोलते ते तिच्याच शब्दांत लिहून उलट टपाली कळव.