पूर्वाच्या उंचीचं टेबल

मी, सूरज हिंदुराव कुंजीर, वय चोवीस, मूळ राहणार लोणी काळभोर, बी.कॉम. अर्धवट, व्यवसाय मसाज, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो.

उद्या माझ्या पाठीचं ऑपरेशन आहे. संमतीपत्रावर 'जिवास धोका' वाचलं आणि हे मृत्युपत्र लिहायला घेतलं. परवा मंडईत डाव्या पायातली चप्पल निघून पडली, मला पत्ताच नाही. भाजीवाली ओरडली, "अहो दादा, चप्पल!" मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. मार्केट यार्डातल्या हमालांच्या पाठी मोकळ्या करणारा मी, आणि माझीच पाठ!

कलम १. लोणीच्या शेतात माझा जो वाटा असेल तो वडिलांचाच. त्यांनी "लोकांची अंगं चोळाया कालेज सोडलंस व्हय रं?" हे चार पाहुण्यांत विचारलं होतं. तरी वाटा त्यांचाच.

कलम २. आमच्या मसाज सेंटरचे मालक रावसाहेब यांना माझा कमरेचा पट्टा. पाठ दुखते म्हटल्यावर म्हणाले, "तरणाताठा गडी तू, मोबाईल कमी बघ." स्वतः फक्त एसीचा रिमोट दाबतात. पण वय काय कोणाला सोडतं?

कलम ३. मोटारसायकल, मोबाईल आणि बँकेत असेल ते सगळं पूर्वा शिळीमकर हिला. कारण लिहितो, नाहीतर लोक भलतंच बोलतील.

एकाच टेबलावर सकाळी पूर्वा बायकांना मसाज देते, संध्याकाळी मी पुरुषांना. ती बुटकी, मी सहा फूट. मी टेबल वर केलं, तर सकाळी तिला चारही पायांचे नॉब सोडवून ते खाली घ्यावं लागलं असतं. म्हणून ते तिच्याच उंचीला ठेवलं आणि वाकून काम केलं. बोललो कधीच नाही. आज डॉक्टरांनी विचारलं, "अरे, मग टेबल वर का नाही केलंस?" मी सोबत आलेल्या पूर्वाकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली.

"माझ्यासाठी? मूर्खा, मला वाटलं ते नॉब गंजलेत!"

मला भूल न देताच कापल्यासारखं झालं.

कलम ४. माझ्या जागी येईल त्याने टेबल स्वतःच्या मापाचं करावं. हात सोडून उभं राहिलं की मूठ टेबलाला टेकली पाहिजे. जोर अंगाचा लावावा, अंगठ्याचा नाही. कोणावरही जीव असो.

हे पूर्वाने आत्ता वाचलं. शेजारच्या खाटेवरचे पोपटराव साक्षीदार व्हायला तयार होते. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून तिने पेन मागितलं.

पोपटराव म्हणाले, "ताई, तुम्ही नका करू सही. साक्षीदाराला काय मिळत नसतंय म्हणत्यात."

"म्हणूनच करतेय," पूर्वा म्हणाली. "द्या पेन इकडे."

लिहून देणार : सूरज हिंदुराव कुंजीर

साक्षीदार :
१. पोपट ज्ञानोबा कोंढरे
२. पूर्वा शिळीमकर (कलम ३ मला नको. उद्या बाहेर ये, मग बोलू.)

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५