मागच्या दाराची कडी

आप्पा,

मागच्या दाराची कडी मी लावली होती. पत्राचं पहिलं वाक्य हेच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून खुशाली-बिशाली काही विचारत बसले नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्या गोष्टीला तर पस्तीसच्या वर. तरी सांगते. कडी गंजलेली होती. दाराला खांदा लावून ते जरा वर उचलल्याशिवाय ती कोयंड्यात बसायची नाही. बाहेर टेम्पो हॉर्न मारत होता, तुम्ही ओरडत होता, आणि त्या घाईत माझ्या अंगठ्याचं नख कडीत चेंगरलं. साखरपुड्याच्या पंगतीत मी अंगठा मुडपून चार बोटांनी जेवले. नख पुढे महिनाभर काळं होतं. घरात सगळ्यांना दिसलं, तुम्हाला तेवढं दिसलं नाही.

हे सगळं आता उकरून काढायला कारण झालाय एक अलार्म. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधे, मी शूटिंगची रेंज चालवते. पत्र्याची लांब शेड आहे, मुलं-मुली एअर रायफलवर नेम शिकतात. शेडच्या मागे एक बिनखिडकीची खोली, आणि खोलीत भिंतीला आणि फरशीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी. तिजोरीत माझी स्पर्धेची रायफल असते आणि तिच्या शेजारी तुमची बारा बोअरची दुनळी बंदूक. होय, तुमचीच. तुम्ही गेल्यावर दादा म्हणाला होता की सरकारजमा करून टाकू, बाईमाणसाच्या नावावर बंदूक कशी दिसेल. मी म्हटलं, कशी दिसायची, बंदुकीसारखीच दिसेल. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, वर्षभर खेटे घातले आणि लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं. यंदा नूतनीकरणाच्या वेळी हत्यार कुठे आणि कसं ठेवता हे लिहून द्यायचं होतं, तेव्हा मी ठरवलं की आता नुसत्या तिजोरीवर भागवायचं नाही.

तुमचा बंदोबस्त मला पाठ आहे. पिंपळगावच्या घरात मधल्या खोलीतलं सागवानी कपाट, आणि त्याची किल्ली आरशाच्या मागे. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला? दसऱ्याला बंदूक ओट्यावर पाटावर मांडलेली, नळ्यांना तेल, दस्त्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. संध्याकाळी सगळी गल्ली सोनं द्यायला येते, मार्केटातले आडते येतात, टेम्पोवाले येतात, तुमच्या पाया पडून बंदुकीलाही नमस्कार करतात. तुम्ही नव्या टोपीत बसलेले. चहा झाला की सगळ्यांच्या देखत बंदूक उचलून आत नेता, कपाटात ठेवता, आणि हात लांब करून किल्ली आरशामागे सरकवता. माणसं ओट्यावरून बघतायत. तुम्हाला त्याचाच केवढा अभिमान होता. मलाही होता, कशाला खोटं बोलू.

दिंडोरीला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता तो दिवस. पुढच्या दाराला तुम्ही कुलूप लावणार, मागच्या दाराची कडी आतून मी लावणार, असं तुम्हीच सांगितलं होतं. दिवेलागणीला परत आलो तर मागचं दार सताड उघडं, कपाट उघडं, आरसा भिंतीवर तिरका. आई मटकन खाली बसली. फौजदार आले, ओट्यावर बसून पंचनामा लिहायला लागले. हत्यार तुमचं, लायसन्स तुमचं, तेव्हा हयगय कुणाची झाली हे त्यांनी विचारणारच. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही.

"पोरीनं कडी लावली नाय, साहेब."

मी म्हणाले, लावली होती. आईने मागून माझा दंड दाबला, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाले नाही. फौजदार लिहीत राहिले. तेव्हापासून आपल्या घरात दूध उतू गेलं, शेळी सुटली, पाण्याची मोटर चालू राहिली, काहीही झालं की कडी हिनेच लावली नसेल, असं म्हणून सगळे हसायचे. दादा मला कडीबाई म्हणायचा. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्यांना हा किस्सा रंगवून सांगितला गेला आणि तुम्ही सगळ्यात मोठ्याने हसलात. मीही हसले. मांडवात आणखी काय करणार?

दोन महिन्यांनी चोर सापडला, बंदूकही सापडली, कोर्टातून सुटून घरी यायला वर्ष गेलं. तो कसा आला, कुठून आला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायची हिंमत केली नाही. कॉलेजात मात्र हट्टाने एनसीसीत गेले. जिच्यावरून माझं नाव खराब झालं ती वस्तू हातात धरून दाखवायचीच होती. पहिलं पदक घेऊन आले तेव्हा तुम्ही उठून आत गेलात, मला वाटलं देवापुढे ठेवायला साखर आणताय. तुम्ही आणलंत एक पितळी कुलूप, नवंकोरं, मुठीएवढं. "आता हे तरी नीट लावत जा," म्हणालात. तुमच्या दृष्टीने ते बक्षीस होतं, हे मला कळत होतं. ते कुलूप मी आजपर्यंत कशालाही लावलेलं नाही. रेंजवर टार्गेटचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवते.

आणि मग तुम्ही गेलात. तुमची पत्र्याची पेटी मी उघडली, लायसन्सचं पुस्तक हवं होतं म्हणून. पुस्तकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत कोर्टाच्या नकला होत्या, बंदूक सोडवताना घेतलेल्या. पहिला कागद पंचनाम्याचा. त्यात लिहिलं होतं, 'मुलीच्या नजरचुकीने मागील दाराची कडी उघडी राहिल्याने'. माझी चूक सरकारी कागदावर चढलीय, शिक्क्यासकट, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दुसरा कागद चोराच्या जबानीचा. दरवर्षी सोनं द्यायला येणाऱ्यांपैकीच एक होता तो. दसऱ्याला ओट्यावरून किल्लीची जागा बघितली होती, असं त्यानेच सांगितलेलं. पडवीचा पत्रा उचकटून आत उतरला, आणि जाताना मागच्या दाराची कडी आतून काढून बाहेर पडला. आतून काढून, आप्पा. लावलेली होती म्हणूनच काढावी लागली ना? नक्कल मिळाल्याबद्दल खाली तुमची सही होती. तुमची ती गोलगोल, शाळेत गिरवल्यासारखी सही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चोर सापडल्यापासून तुम्ही जाईपर्यंत एकवीस वर्षं माहीत होतं, आणि मांडवात हसताना तर माहीत होतंच. फौजदारांपुढे बोललात ते मी समजू शकते. दसऱ्याचं प्रदर्शन बाहेर आलं असतं तर लायसन्स गेलं असतं, पोरीच्या विसराळूपणाला मात्र कुणी शिक्षा करत नाही. घाबरला होता तुम्ही. तेवढं मी सोडून दिलं. पण नंतर? एखाद्या सकाळी चहा पिताना, पोरी, तू लावली होतीस बरं का, एवढं म्हणायला काय जात होतं? ते मी सोडलेलं नाही, आणि तुम्ही वर कुठे बसून ऐकत असाल तर ऐका, सोडणारही नाही.

त्यामुळे अलार्म निवडताना मी तीन विक्रेत्यांचा जीव खाल्ला. पहिला म्हणाला, असा सायरन देतो की गल्ली गोळा होईल. माझ्या रेंजला गल्ली कुठली? ऐकणार कोण, तर बागेतली पाखरं. दुसरा म्हणाला, मोबाइलवर मेसेज येईल. मी फायरिंग लाइनवर उभी असते, कानावर आवाज अडवणारे मफ्स, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये. मेसेज वाचेपर्यंत चोर पेठचा घाट चढून गेलेला असायचा. तिसरा शहाणा निघाला. त्याच्याकडे अलार्म वाजला की कंट्रोल रूममध्ये बसलेली माणसं फोन करतात, ठरलेलं वाक्य विचारतात. ते सांगता आलं नाही तर आपण दिलेल्या नंबरांवर फोन जातात आणि पोलिसांना कळवलं जातं. मी विचारलं, वायर कापली तर? ते लगेच त्यांना कळतं. लाइट गेली तर? बॅटरी आहे. मोबाइलची रेंज गेली तर? दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं आहेत. दारावर एक सेन्सर, तिजोरीला हादरा बसला तर कळवणारा दुसरा, खोलीत हालचाल टिपणारा तिसरा. बाहेर बोर्ड लावू का म्हणाला, मी म्हटलं खबरदार. आत काय आहे हे कुणाला कळता कामा नये, एवढं तरी मी आपल्या ओट्यावर बसून शिकले. शेवटी त्याला नेमकं तेच विचारलं जे मला हवं होतं. दार कुणी बंद केलं, किती वाजता केलं, हे त्यात राहतं का? तो म्हणाला, मॅडम, प्रत्येकाचा कोड वेगळा, मिनिटामिनिटाची नोंद राहते, कुणालाही पुसता येत नाही. हाच बसवा, म्हटलं.

बसवून पंधरा दिवसही झाले नव्हते. दुपारी मी आणि तुमची नात पंचवटीत भाजी घेत होतो. तुम्ही गेलात तेव्हा सहा वर्षांची होती, आता विशीची आहे, रेंजचं अर्धं काम तीच बघते. त्या दिवशी रेंज तिने बंद केली होती. कंट्रोल रूममधून फोन आला. मी ठरलेलं वाक्य सांगितलं, तिकडची मुलगी म्हणाली की आतल्या खोलीत हालचाल दिसतेय. तिचं पुढचं ऐकायच्या आतच मी वळले आणि मेथीच्या ढिगापाशी, चारचौघांत, लेकीला विचारलं, "कडी लावली होतीस का?"

आप्पा, तो आवाज तुमचा होता. शब्द तुमचे, भुवया तुमच्या. तिथे तर कडीच नाहीये, इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. पोरगी एकदम पांढरी पडली आणि नकळत तिने हात पाठीमागे घेतले. तेवढ्यात फोनवरची मुलगी शांतपणे सांगत होती की दार एक वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या कोडने बंद झालंय, लॉक झालंय, त्यानंतर उघडलेलंच नाही. दुसरा कोड म्हणजे माझ्या लेकीचा.

रिक्षा करून आम्ही रेंजवर गेलो, शेजारच्या बागायतदाराला बोलावून घेतलं आणि तिघांनी मिळून दार उघडलं. तिजोरी जशीच्या तशी. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवर एक पाल बसलेली, निवांत. शंकेची पाल चुकचुकली म्हणतात, ती माझ्या बाबतीत खरीखुरी निघाली. मी कंट्रोल रूमला कळवलं. मुलगी म्हणाली, "कारण लिहावं लागतं, मॅडम. ग्राहकाच्या नजरचुकीने वाजला, असं लिहू का? बहुतेक वेळा तेच लिहितो आम्ही."

"नाही," मी म्हणाले. "पाल लिहा."

ती म्हणाली, यादीत पाल नाहीये. मी म्हटलं, मग यादी वाढवा, पण माझ्या मुलीच्या नोंदीपुढे नजरचूक हा शब्द मी येऊ देणार नाही. त्यांच्या साहेबांपर्यंत गेले. वीस मिनिटं भांडले. शेवटी लिहिलं त्यांनी, 'पाल', आणि मला ते वाचूनही दाखवलं. मग फोन ठेवला आणि बागायतदार उभा असतानाच लेकीला म्हणाले, "माझं चुकलं. आधी संशय घेतला, मग विचारलं." ती म्हणाली, असू दे गं आई, आणि पालीला हाकलायला झाडू आणायला गेली. दोन शब्द होते, आप्पा. माझं चुकलं. जीभ झडली नाही माझी.

आता राहिलं ते ठरलेलं वाक्य. अलार्म बसवला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, नाव नको, जन्मतारीख नको, घाबरलेल्या अवस्थेतही विसरणार नाही असं काहीतरी सांगा. मला विचार करावा लागला नाही. मी म्हणाले, 'कडी मी लावली होती'. लिहून घेणारी हसली, पण लिहून घेतलं. म्हणजे हे पत्र कुणाच्या हाती पडू देण्याची सोय राहिलेली नाही, तिजोरीची अर्धी किल्ली त्यात आहे. तुमच्या बंदुकीशेजारीच ठेवून देईन.

एक सांगायचं राहिलं. सगळं नीट चालू आहे ना हे बघायला महिन्यातून एकदा त्यांना आपण फोन करायचा असतो. ते वाक्य विचारतात, मी सांगते, "कडी मी लावली होती," आणि तिकडून कुणीतरी म्हणतं, "बरोबर आहे, मॅडम."

महिन्यातून एकदा पुरतो. मी दर सोमवारी करते.