लग्नाच्या तिथीला परभणी

माघ शु. ९, सन १३४७ फसली. बोरी.
येत्या त्रयोदशीला लग्नाला तेरा वर्षे होतात. परभणी स्टेशनातले बाबू मागे सांगत होते, साहेब लोक लग्नाचा दिवस पाळतात, बायकोला घेऊन गाव सोडून हवा खायला जातात. आज सौ.ला म्हटले, आपणही जाऊ. चार दिवस परभणी बघू.
ती ज्वारी निवडत होती. "परभणीत काय बघायचं? तुमी तर दर महिन्याला जाता."
म्हटले, मी कापडाचे गठ्ठे बघतो. परभणी नाही बघितली.
हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. याला मी होकार धरतो.

माघ शु. १०
समोरच्या घरातून काकू आल्या. वडील गेल्यापासून घराण्यात शेवटचा शब्द त्यांचा.
"पोरीचा दुखवटा निघाला न्हाई, आन कुठं निघालाव?"
आमची पोरगी जाऊन येत्या आषाढात दोन वर्षे होतील. आमचे गुरू जंगमस्वामी तेव्हाच म्हणाले होते, आपल्या लिंगायतांत सुतक नाही, लेकरू शिवात मिळाले. पण काकूंची रीत वेगळी. दुखवटा माहेरच्या माणसाने काढायचा. भावाने बांगड्या भरायच्या, लुगडे द्यायचे, तोंड गोड करायचे. सौ.चा एकुलता भाऊ आमच्या लग्नानंतरच्या सालीच पटकीने गेला. माहेरी कोणी उरले नाही. त्यामुळे घरात अजून तळण नाही, पुरण नाही. तिच्या हातात काचेची बांगडी नाही, पितळेची एकेक.
काकूंना म्हटले, माल आणायला जातो, हिलाही वैद्याला दाखवतो. दोन्ही खोटे. सौ. ऐकत होती.

माघ शु. १२. परभणी.
मोटारीत सौ. पहिल्यांदाच बसली. सगळी वाट समोरच्या दांडीला धरून.
धर्मशाळेचे मुनशी वहीत लिहीत होते. "कुठून?" बोरी. "काम?" म्हटले, बघायला आलो. "कोनाला?" परभणी बघायला. मुनशींनी चष्मा काढला. "मी इथं जन्मलो. काय दिसलं तर मलाबी सांगा."
स्टेशन दाखवले. मालगाडी आली, गेली. पाटीवर उर्दू होते ते वाचून दाखवले. सौ. म्हणाली, "तुमाला हे येतं?" इथल्याच निजाम सरकारच्या मदरशात चार यत्ता झाल्या माझ्या. "तेरा वर्षांत सांगितलं न्हाई." तू विचारले नाहीस. "तुमी कधी काय सांगितलंय?" खरे आहे.
सरकी काढायचा कारखाना बाहेरून दाखवला. भोंगा झाला तेव्हा दचकली, तेवढेच. गोळीचे सोडावॉटर घेतले. गोड आहे म्हणून प्याली नाही, दोन्ही बाटल्या मी संपवल्या. पोट दुखले.
संध्याकाळी पेठेतून हिरवे लुगडे घेतले. जरीकाठी. कापडाचा धंदा माझा, तरी निवडायला तास लागला. वाटले होते, यानेच होईल. तिने घडीवरून हात फिरवला आणि पिशवीत ठेवून दिले. "चांगलं हाय. पन नवऱ्यानं दिल्यानं दुखवटा निघत न्हाई."
हे मला कळायला हवे होते. बघायची जागा एकही राहिली नाही आणि दोन दिवस बाकी.

माघ शु. १३
आज आमची तिथी.
सकाळी दर्ग्याकडे गेलो. येताना एका मनियाराच्या बांगड्यांच्या दुकानापुढे सौ. आपणहून उभी राहिली. मी चार पावले पुढे गेलो होतो, मागे वळलो तर ती नाही. परत आलो.
दुकानदार पिकल्या दाढीचे. आत त्यांची बायको लाखेच्या बांगड्या निवडत बसलेली. लोक दुकानदारांना चाँदभाई म्हणत होते. सौ.चा हात त्यांनी माप बघायला धरलाच होता.
"हरी दूं के लाल?"
"काचेच्या नकोत. दुखवटा हाय."
"कित्ते दिन से?"
"दोन वर्षं होतील."
"इत्ता? भाई नै आया क्या?"
"भाऊ न्हाई. कुनीच न्हाई."
चाँदभाईंनी हात सोडला नाही. विचारले, कोण गेले. सौ. म्हणाली, "लेक. गिरजा नाव. सहा वर्षांची होती. तिच्या मापाच्या तुमच्याकडं असतील."
आमच्या घरात हे नाव त्या दिवसापासून कोणी घेतले नव्हते. मी तर नाहीच.
चाँदभाई म्हणाले, "तीस बरस से हाथ पकडतूं. जिसका पकड्या वो मेरी भैन. परभनी की आद्धी बायकां मेरी भैनां हैं."
सौ. म्हणाली, "आन बाकीच्या आद्ध्या?"
"वो सामनेवाले की दुकान में जाते. अकल नै उनकू."
सौ. हसली. पदर तोंडाला लावला तरी आवाज झाला. समोरचा दुकानदारही बघायला लागला.
मग त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. एक पिचकली नाही. भरता भरता विचारले, लुगडे? मी म्हटले, धर्मशाळेत आहे. "तो खडे कायकू हैं? लेके आव!" मी पळालो. बोरीचा प्रतिष्ठित दुकानदार भर पेठेतून धोतर वर धरून पळाला. मुनशी ओरडले, "काय दिसलं काय हो?"
लुगडे चाँदभाईंनी दोन्ही हातांनी सौ.च्या ओटीत ठेवले. त्यांच्या बायकोने वाटीत खडीसाखर आणली. चाँदभाई अडखळले. "भैन, हमारे हाथ की चलती ना?"
सौ.ने माझ्याकडे बघितले नाही. तळवा पुढे केला. साखर तोंडात टाकली, कडाकडा चावली.
मी बाहेर टांग्याच्या घोड्याकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ.
पैसे काढले तर चाँदभाईंनी कानाला हात लावले.

माघ शु. १४
हिरवे लुगडे नेसून धर्मशाळेच्या पायऱ्या उतरली. मुनशी म्हणाले, "आता परभनी बघन्यासारखी झाली."
आज बेत तिचा. म्हणाली, आगगाडी बघून काय करायचं, बसायचं. तिकीटबाबूंनी विचारले, कुठले? पिंगळी, पुढचेच स्टेशन. "पिंगळीला काय काम?" सौ. मागून म्हणाली, "काई काम न्हाई." बाबू हसले नाहीत, तिकिटे दिली.
पिंगळीला उतरलो. बाभळीखाली बसून भाकरी आणि पेरू खाल्ले. परतीच्या गाडीची वाट बघत सौ. गिरजाबद्दल बोलत होती. पोरगी मापाच्या गजाला घोडा करायची, मी रागवायचो, मग मीच तिला दुकानाच्या पेढीवर बसवायचो. मला वाटत होते हे फक्त मला आठवते. मीही दोन गोष्टी सांगितल्या. सोपे नव्हते. पण सांगितल्या.
येताना खिडकीत बसली. परभणीपर्यंत दांडी धरली नाही. सोडावॉटर दोन प्याली, तिसऱ्यातले अर्धे माझे.

माघ पौर्णिमा. बोरी.
मोटारीतून उतरलो तेव्हा निम्मे गाव फाट्यावर. हिरवे लुगडे लांबून दिसते.
काकू ओसरीवरच. "कुनी काढला?"
सौ. म्हणाली, "भावानं."
"कोनत्या भावानं? तुला भाऊ हाय कुठं?"
"परभनीला हाय. चाँदभाई."
काकू खाली बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन तू बघत उभा ऱ्हायलास? त्याच्या हातची साखर खाल्ली हिनं?"
मी म्हटले, लुगडे मीच पळत नेऊन दिले. आणि माल आणायला, वैद्याकडे म्हणून सांगितले तेही खोटे होते. काकूंपुढे इतके मी आजवर बोललो नव्हतो.
सौ. म्हणाली, "काकू, दोन वर्षांत माझा हात कुनी धरला, सांगा. त्यानं धरला. आता ह्या बांगड्या मी काढनार न्हाई."
काकू उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, जंगमस्वामींना बोलावते.

माघ व. १
स्वामी सकाळी येऊन गेले. काकूंकडे घटकाभर बसले. आमच्याकडे आले, सौ.च्या कपाळाला भस्म लावले, म्हणाले, पुरण कशाचे करतेस, हरभऱ्याचे का तुरीचे? बाकी एक शब्द नाही. काकूंना काय सांगितले ते कळले नाही.
सौ.ने पुरण घातले. भजी तळायला घेतली. घरभर तेलाचा वास. मी शेजारच्या पोरीबरोबर काकूंना जेवायचा निरोप धाडला. पोरगी परत आली. "ऐकलं म्हनल्या." येते म्हणाल्या का? "न्हाई. येत न्हाईबी न्हाई म्हनल्या."
तीन पाट मांडले. सौ. म्हणते, पोळी गार होऊ द्यायची नाही, त्या आल्या की तव्यावरून टाकू. समोर काकू दारात येऊन उभ्या आहेत. पायात वहाणा घातलेल्या दिसतात. अजून पायरी उतरल्या नाहीत.