वेल्डरची बायको आली

सौ. बाईसाहेबांना गॅरेजमालकाचा मुजरा.

मी ठणठणीत आहे, गॅरेज जोरात चाललंय. आईचा गुडघा कसा आहे?

माझ्या हाताखालचा वेल्डर परवा बायकोला इथं घेऊन आला. तोही माझ्यासारखा इथं परदेशीच, पण आपल्या देशाचा नाही. परक्या माणसाला इथं राहून पाच वर्षं झाल्याशिवाय बायको आणता येत नाही, हा इथला कायदा मी तुला कितीदा समजावलाय. माझी अजून भरायचीत, आणि त्याला तर दोनच झाली! मी तडक व्हिसाची कचेरी गाठली.

"कायदा तोच आहे," साहेब म्हणाला, "पण त्याच्या सरकारचा आमच्याशी करार आहे. करारापुढे आमचा कायदा गप्प बसतो."

"आणि आमचं सरकार?"

"बोलणी चालू आहेत."

आपलं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, आणि यांची अजून बोलणीच!

वेल्डर शेजारच्याच खोलीत राहतो. भिंत पातळ, आणि माझे कान तुला ठाऊक आहेत. दोघं सारखी हसतात. काल भिंत ठोकून ओरडलो, "अरे, जरा हळू!" तेव्हापासून बिचारी कुजबुजतात, आणि तेच मला जास्त ऐकू येतं.

रविवारी फोन करशील तेव्हा जरा मोठ्यानं हस. पलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

तुझाच,
पाच वर्षांवाला